जपमाळ ओळखणारे घर

दरवर्षी आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या बारामतीत मुक्कामाला येते. पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असा मार्ग धरून ती इंदापूरला पोहोचते. बेलवाडीचे रिंगण आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या गर्दीत एक गोष्ट नेहमी आमच्या मनात भरते. आजीचा हात धरून चालणाऱ्या सहा-सात वर्षांच्या नातीला अभंग तोंडपाठ असतात. तिला ते कोणत्याही क्लासमध्ये शिकवलेले नसतात. दिवेलागणीला घरात हरिपाठ होतो, मूल मांडीवर बसून तो ऐकते आणि ऐकता ऐकता तो त्याचा होऊन जातो.

हे पाहिले की आम्ही स्वतःलाच एक प्रश्न विचारतो. आपल्या घरातले सहा-सात वर्षांचे मूल जपमाळेची रहस्ये पुस्तकाशिवाय सांगू शकेल काय? आणि सांगू शकत नसेल, तर ते शिकवण्याचे काम नेमके कोणाचे? फादरांचे, सिस्टरांचे, रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाचे, की घराचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका धर्मगुरूंचे जीवन आठवते. तुकाराम महाराजांचे वैकुंठगमन १६५०च्या सुमाराचे मानले जाते. त्यानंतर लवकरच, २१ एप्रिल १६५१ रोजी, गोव्यात एका बालकाचा जन्म झाला. तेच पुढे श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ओळखले गेलेले संत जोसेफ वाझ. त्यांचा सण १६ जानेवारीला येतो. आपण त्यांच्याकडे मिशनरी म्हणून पाहतो. ते खरेच आहे. परंतु त्यांचे मिशनकार्य ज्या दारात सुरू झाले ते दार चर्चचे नव्हते, एका घराचे होते. आज त्या घराविषयी आम्हांला आपल्याशी बोलायचे आहे.

जोसेफ यांचा जन्म सासष्टीतील बाणावली या आईच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ हे सांकवाळचे आणि आई मारिया दी मिरांडा. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. गोव्यातील कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक रीत आहे. सांजवेळी चर्चची घंटा झाली की घरातील सर्वजण अल्तारापुढे जमतात, जपमाळ म्हणतात आणि प्रार्थना संपली की लहान मुले मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात. अशा भाविक वातावरणात हा मुलगा वाढला. पुढे त्यांनी गोव्यात जेज्वीट आणि डॉमिनिकन धर्मगुरूंच्या विद्यालयांत शिक्षण घेतले आणि १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, सांकवाळच्या चर्चमध्ये या तरुण धर्मगुरूने स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून स्वतःला कायमचे पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आईच्या मांडीवर जी भक्ती शिकली, तिच्याखाली त्यांनी मोठेपणी समजून-उमजून सही केली. घरात पेरलेले बी असेच उगवते.

१६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतात, म्हणजे मंगळूर, बसरूर, गंगोळी या भागात सेवा केली. तिथे विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांना त्यांनी एकत्र आणले, मुलांसाठी शाळा सुरू केल्या आणि भक्तमंडळे उभी केली. गोव्यात परतल्यावर ते काही स्थानिक धर्मगुरूंच्या एका लहान गटात सामील झाले. त्या काळी युरोपियन धर्मसंघांत स्थानिक धर्मगुरूंना सहसा प्रवेश मिळत नसे. जुन्या गोव्यात या धर्मगुरूंनी संत फिलीप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर आपला संघ स्थापन केला आणि १६८५ साली जोसेफ वाझ त्याचे प्रमुख झाले. खुर्ची मिळाली, मान मिळाला. पण त्यांच्या मनाला सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, ओढ लागली होती.

सिलोनमध्ये काय घडले होते? डचांनी पोर्तुगीजांकडून १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना घेतले. डच सत्ता कॅल्व्हिन पंथाची होती. तिने कॅथलिक धर्मगुरूंना देशाबाहेर काढले. धर्मगुरूंना घरात आसरा देणाऱ्यास मृत्युदंडाची शिक्षा जाहीर झाली. चर्चेस ताब्यात घेतली गेली. मुलांचा बाप्तिस्मा आणि विवाह डच पाळकांकडूनच करून घेण्याची सक्ती झाली. पाहता पाहता तीस वर्षे होत आली आणि त्या बेटावर मिस्सा अर्पण करणारा एकही धर्मगुरू उरला नाही.

क्षणभर कल्पना करा. तीस वर्षे मिस्सा नाही. पापनिवेदन नाही. मरणाऱ्याच्या कपाळाला तैल लावायला कोणी नाही. ज्या मुलाने आपल्या जन्मात धर्मगुरू पाहिलेला नाही, ते मूल आता स्वतः बाप झाले आहे. हिशेबाने पाहिले तर तिथली श्रद्धा संपायलाच हवी होती. पुष्कळांनी ती सोडलीही. पण सर्वांनी नाही. परंपरा सांगते की १६७०च्या सुमारास काही कुटुंबे मरियामातेची मूर्ती उचलून मांतई गाव सोडून जंगलाच्या आसऱ्याला गेली. आज त्या ठिकाणी मडूच्या मातेचे तीर्थक्षेत्र आहे आणि देशभरातून भाविक तिथे जातात. अंगावरच्या कपड्यांनिशी पळून जाणाऱ्या माणसाने काय उचलावे? त्या लोकांनी ज्या मूर्तीपुढे ते मिळून प्रार्थना करीत, ती मूर्ती उचलली.

१६८६ साली फादर जोसेफ यांनी गोवा सोडला. त्यांच्याबरोबर जॉन नावाचा एक तरुण विश्वासू सेवक होता. पायी चालत ते किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे गेले आणि १६८७ साली तुतिकोरीनहून गलबताने सिलोनला पोहोचले. धर्मगुरू म्हणून उतरणे शक्यच नव्हते. समाजात वरच्या मानल्या गेलेल्या कुळात जन्मलेल्या या माणसाने मजुराचा, भिकाऱ्याचा वेष घेतला. वाटेतच दोघांना हगवणीने गाठले. साथीच्या भीतीने लोकांनी त्यांना गावाबाहेर टाकले. एका दयाळू बाईने रोज कांजी आणून दिली, म्हणून ते दोघे वाचले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या माउलीचे नाव इतिहासाला माहीत नाही. एका मिशनचा पाया तिच्या कांजीच्या वाडग्यावर उभा राहिला.

बरे झाल्यावर जाफन्यात कॅथलिक कुटुंबे शोधायची कशी? कोणाला विचारायची सोय नव्हती. चुकीच्या माणसाला विचारले तर स्वतःचा जीव जाणार आणि घरमालकाचाही. फादर जोसेफ यांनी एक साधा उपाय केला. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. भीक घालणाऱ्याची नजर कुठे जाते, एवढेच ते पाहत. ज्याला जपमाळ म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला ती नुसती मण्यांची माळ दिसणार. पण ज्या घरात दार लावून, आवाज दाबून ती म्हटली जात होती, त्या घरातील माणसाची नजर तिथे थबकणारच होती.

आणि एका घरी ती थबकली. घरातील माणसांनी त्या भिकाऱ्याची विचारपूस केली. त्यांचा भरवसा पटल्यावर त्याने आपली ओळख दिली. त्या घरातून बातमी दुसऱ्या घरी, दुसऱ्यातून तिसऱ्या घरी गेली. रात्रीच्या अंधारात पुन्हा मिस्सा सुरू झाली. पुढे सिल्लालाई या गावाने त्यांना आसरा दिला आणि तिथून ते रात्रीबेरात्री आसपासच्या कुटुंबांना भेटत राहिले.

प्रिय कुटुंबीयांनो, या प्रसंगाचा आम्ही अनेकदा विचार केला आहे. आपण असे मानतो की धर्मगुरू येतात आणि घरात श्रद्धा आणतात. इथे उलट घडले. श्रद्धा घरात आधीच होती. धर्मगुरूंनी ती शोधली आणि घराने धर्मगुरूंना ओळखले. त्या घरात तीस वर्षे जपमाळ म्हटली गेली नसती, तर फादर जोसेफ त्या दारावरूनही पुढे गेले असते आणि कोणाला काही कळलेही नसते.

त्या लोकांना याची किंमत मोजावी लागली. १६८९ सालच्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यातील कॅथलिकांवर धाड घातली. फादर जोसेफ निसटले, पण पुष्कळ लोक पकडले गेले. काहींना फटके बसले, काहींच्या वाट्याला सक्तमजुरी आली. यानंतर फादर जोसेफ पुत्तलममार्गे, कँडीच्या राजाच्या मुलखात गेले. तिथेही स्वागत झाले ते बेड्यांनी. पोर्तुगीजांचा हेर म्हणून १६९२ साली त्यांना अटक झाली. कैदेत त्यांनी वेळ फुकट घालवला नाही. ते सिंहली भाषा शिकले. थोडी मोकळीक मिळताच त्यांनी एक झोपडीवजा चर्च उभारले. पुढे मोठा दुष्काळ पडला असता त्यांच्या प्रार्थनेने पाऊस झाला, अशी तिथली दृढ परंपरा आहे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांना मुक्तपणे फिरण्याची परवानगी दिली. बौद्ध राजाने एका कॅथलिक धर्मगुरूला संरक्षण दिले, हे विशेष.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा आणि दरबारी शहर सोडून गेले. नातेवाईक रुग्णांना रानात टाकून पळाले. फादर जोसेफ मात्र मागे राहिले. त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो तेव्हा गोव्याहून त्यांच्या मदतीला आलेले होते. मामा-भाचे घरोघर जाऊन रुग्णांना अन्न देत, जखमा धूत आणि मृतांना माती देत. एकाच घराण्यातील दोन पिढ्या एकाच सेवेत गुंतलेल्या होत्या. घरातील प्रार्थना खरी असेल तर ती घरात कोंडून राहत नाही, ती शेजाऱ्याच्या खाटेपाशी जाते. याहून वेगळा पुरावा आम्हांला माहीत नाही.

आता त्यांच्या कार्यपद्धतीकडे पाहा. एवढ्या मोठ्या बेटावर धर्मगुरू मोजकेच. एका गावाला पुन्हा भेट द्यायला महिने लागत. म्हणून त्यांनी प्रत्येक ठिकाणी गावातील जबाबदार प्रापंचिक नेमले. कोणी समाजाची देखरेख करी, त्याला मुप्पू म्हणत. कोणी मुलांना शिकवी आणि प्रार्थना चालवी, त्याला अण्णावी म्हणत. धर्मगुरू नसताना रविवारी लोकांना जमवायचे, जपमाळ म्हणायची, आजाऱ्याजवळ बसायचे, ही कामे ही मंडळी करीत. फादर जोसेफ यांनी लोकांच्या हाती तामीळ आणि सिंहली भाषांत प्रार्थना दिल्या. १७०५ साली दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस त्यांना येऊन मिळाले. त्यांनी तर दोन्ही भाषांत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आईला जी भाषा येते त्या भाषेत प्रार्थना असली, तरच ती मुलाच्या ओठांवर येते, हे या गोवेकर धर्मगुरूंनी नीट ओळखले होते.

रोमच्या प्रतिनिधींनी त्यांना श्रीलंकेचे प्रमुख धर्माधिकारी करण्याचा विचार मांडला, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर आज कोठे आहे हेही कोणाला सांगता येत नाही. ते आले तेव्हा त्या बेटावर एकही धर्मगुरू नव्हता. ते गेले तेव्हा कॅथलिकांची संख्या सुमारे सत्तर हजार होती, असे सांगितले जाते. डच सत्ता त्यानंतरही ८५ वर्षे, म्हणजे १७९६ सालापर्यंत टिकली. तरीही ती श्रद्धा विझली नाही. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात त्यांना संतपद बहाल केले.

आता आपल्याकडे वळू या. आपल्यावर डचांचे राज्य नाही. चर्चला जाताना आपल्याला कोणी अडवत नाही. तरी मार्च २०२० मध्ये एक दिवस असा आला, की चर्चची दारे आम्हांला आमच्याच हातांनी बंद करावी लागली. कोरोनाच्या त्या महिन्यांत आम्ही रिकाम्या बाकांपुढे मिस्सा अर्पण करीत होतो. पवित्र आठवडा आला आणि गेला. पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्ती पेटवायला समोर कोणी नव्हते. मोबाईलवरून आम्ही कुटुंबांची चौकशी करीत असू. काही घरांतून कळे की आजोबांनी सगळ्यांना बसवून रोज जपमाळ सुरू केली आहे. काही घरांतून मात्र संकोचलेला आवाज येई. प्रार्थना करावीशी वाटते, पण सुरुवात कोणी करायची आणि पुढे काय म्हणायचे, तेच आठवत नाही, असा त्याचा अर्थ असे.

खरे सांगायचे तर त्या घरांपेक्षा आम्हांला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षे आम्ही घरे आशीर्वादित केली, जेवणाच्या ताटावर क्रूसाची खूण केली, सगळ्या प्रार्थना आम्हीच म्हटल्या आणि कुटुंब शेवटी फक्त आमेन म्हणत राहिले. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पण त्यांना प्रार्थना करायला शिकवले का? संत जोसेफ वाझ यांनी माघारी टिकणारी घरे उभी केली. आमच्या माघारी काय टिकेल, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडत नाही.

आम्हांला आपल्या अडचणी माहीत आहेत. कोणाची एमआयडीसीत रात्रपाळी असते. कोणी वालचंदनगरला, कोणी भिगवणला कामाला जाते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या कामगाराला दिवस-रात्र कळत नाही. मुले शाळेतून येतात ती थेट क्लासला जातात. घरी चार माणसे, चार मोबाईल आणि चार वेळा जेवण. यात सगळ्यांनी एकत्र बसायचे कधी? अडचण खरी आहे. पण जाफन्याच्या त्या कुटुंबाची अडचणही खरी होती. त्यांच्याही घरात दिवसभर राबून थकलेली माणसे होती आणि बाहेर शिपाई होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही शिकलो. सद्‌गुण हा एका मोठ्या निर्धाराने येत नाही. तीच लहान कृती पुन्हा पुन्हा केल्याने तो अंगवळणी पडतो. तेव्हा तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता कुटुंबांच्या सहवासात त्याचा अर्थ कळतो. म्हणून आम्ही आपल्याकडे काही मोठे मागत नाही. रोज पूर्ण जपमाळ जमत नसेल तर एकच दशक म्हणा. सर्वजण संध्याकाळी भेटत नसतील तर ज्या वेळी भेटतात ती वेळ धरा, मग ती रात्रपाळीला निघण्याआधीची पाच मिनिटे का असेनात. घरात एक जागा ठरवा. तिथे क्रूस, पवित्र मरियेची तसबीर आणि शुभवर्तमान असू द्या. रविवारचे शुभवर्तमान शनिवारी रात्री मुलांकडून वाचून घ्या. प्रार्थना नेहमी आईनेच चालवावी असा काही नियम नाही. आज बाबांनी चालवावी, उद्या मुलीने. मूल अडखळले तर रागावू नका, त्याच्याबरोबर म्हणा.

आणखी एक गोष्ट. प्रार्थनेत एकमेकांची नावे घ्या. मुलाची परीक्षा, आजीचे गुडघे, शेजाऱ्याचे कर्ज, शेताचे पाणी हे सारे देवापुढे ठेवा. ज्या दिवशी घरात भांडण झाले असेल त्या दिवशी प्रार्थना चुकवू नका. उलट त्याच दिवशी तिची गरज जास्त असते. आमच्या आम्हीच चालवलेल्या या अनुभवातून सांगतो, की ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या शेजारी बसून पवित्र मरियेला वंदन करताना आवाज पहिल्यांदा अडतो आणि मग हळूहळू मोकळा होतो. फादरांच्या निवासातही माणसेच राहतात.

धर्मगुरू बदलत राहतात. आज आम्ही इथे आहोत, उद्या बिशप महोदय दुसरीकडे पाठवतील. दूरच्या वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या कुटुंबांना तर दर रविवारी मिस्साही लाभत नाही. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातील. तिथे त्यांना ओळखणारे चर्च कदाचित लगेच भेटणार नाही. त्यांच्याबरोबर काय जाईल? आपण त्यांना जे वस्तूंच्या रूपाने देऊ ते पेटीत जाईल. जे रोज त्यांच्याबरोबर बसून म्हणू, ते त्यांच्यात जाईल.

येत्या आठवड्यात आम्ही कुटुंबभेटींना सुरुवात करीत आहोत. यावेळी एक छोटासा बदल करायचा आहे. आम्ही आलो की प्रार्थना आम्ही चालवणार नाही. ती आपण चालवायची, आम्ही आपल्यात बसून आमेन म्हणू. चुकेल, थांबेल, हसू येईल. काही हरकत नाही. आमचीही एक इच्छा आहे. संत जोसेफ वाझ यांच्यासारखे गळ्यात जपमाळ घालून कोणी अनोळखी माणूस आपल्या दारात उभा राहिला, तर घरातल्या सर्वांत लहान मुलाची नजर त्या माळेवर थबकावी आणि त्याने आत धावत जाऊन आईला हाक मारावी.

संत जोसेफ वाझ, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू